गोठ्यातला राग

“बाईमाणसाचं काम न्हाई हे. परभणीहून मोठा डाक्टर बोलवा,” माणिकराव गोठ्याच्या दारातच आडवे उभे राहिले.

मी ताडकळसच्या बाजूला जनावरांची डॉक्टर आहे. माणिकरावांची म्हैस सकाळपासून कळा देत होती, पण रेडकू बाहेर येत नव्हतं.

“मॅडमला बघू तर द्या,” त्यांची बायको सुमनबाई म्हणाली. ते बाजूला झाले, तोंड मात्र चालूच.

हातमोजा चढवून मी तपासलं. आतली वाट पिळलेल्या फडक्यासारखी आवळली होती. म्हणजे गर्भाशयाला पीळ पडला होता. अशा वेळी म्हशीला आडवं पाडून, ज्या बाजूला पीळ त्याच बाजूला लोळवायचं. बाजू चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. मग म्हैसही जाते, रेडकूही.

“नुसतं चाचपायलेत. असे लय पाह्यले,” माणिकराव मागून बोलले.

माझे दात आवळले गेले. कान तापले. ‘डावीकडे पाडा’ म्हणायला तोंड उघडलं आणि जाणवलं, बाजूची मी खात्रीच केलेली नाही. मला फक्त या माणसाला गप्प करायचं होतं.

मी हात बाहेर काढला. पाणी मागितलं आणि कोपरापर्यंत सावकाश धुतला. मनात म्हटलं, राग आलाय. अपमान झोंबलाय. छातीत अडकलेला श्वास पोटापर्यंत जाऊ दिला. राग गेला नाही. पण तो कुठे आहे, ते कळलं.

“काय झालं? जमंना का?”

“माणिकराव, मला तुमचा राग आलाय. रागात हात चुकतो. थोडं गप्प राहा, मला नीट बघू द्या.”

ते चपापले आणि खरंच गप्प झाले.

पुन्हा तपासलं. पीळ उजवीकडे होता. शेजारच्या गड्यांनी म्हैस उजव्या कुशीवर पाडली. आतलं रेडकू जागीच राहावं म्हणून पोटावर फळी दाबून लोळवली. पीळ सुटला नाही. पुन्हा लोळवली. या वेळी हात सरळ आत गेला, रेडकाचे पाय लागले.

रेडकू बाहेर आलं ते निपचित. नाक साफ केलं, गवतानं खसाखसा चोळलं. बराच वेळ काहीच नाही. मग ते शिंकलं.

“वगार झाली. पुढं दूध देईल,” सुमनबाई म्हणाली आणि खालीच बसली.

माणिकरावांनी माफी मागितली नाही. चहा स्वतः आणून दिला. पुढं गाय आजारी पडली तेव्हा त्यांचाच फोन आला: “मॅडम, या. आज मी काई बोलत न्हाई.”

मला राग अजूनही येतो. आलाय हे कळलं की निर्णय जरा लांबवते, एवढंच.