घरची परडी

धुरपताबाईला धाकट्या जावेचा राग यायला कारण लागत नसे. चांगुणा नुसती दिसली तरी पुरे. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव. त्यात माहेर लातूरचं. लातूर नुकतंच जिल्हा झालं, तर जणू हिच्या बापानंच करून आणलं, अशी ही मिरवायची. "आमचं लातूर आता जिल्हा हाय, आक्का!" धुरपताचं माहेर बिलोली. तालुका तो तालुकाच राहिला. यात चांगुणाचा काय गुन्हा? काहीच न्हाई. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

त्या साली पावसानं पार तोंड फिरवलं. उमरीकडच्या त्यांच्या गावात विहिरींनी तळ गाठला आणि बाया टँकरपाशी एकमेकींच्या झिंज्या धरायला लागल्या. सासू भामाबाई म्हणाली, "औंदा माहूरला पायी जायचं. रेणुकाआईच्या कानावर घालायचं." आणि लगेच पुढचं बोलली, त्यानं धुरपताची झोपच उडाली. "माझ्यानं आता परडी पेलवत न्हाई. जी सून गडावर नेईल, तिची ती."

परडी म्हणजे देवीच्या नावाची वेताची टोपली. तिच्यात जोगवा मागायचा, ती भुईला टेकू द्यायची न्हाई, आणि जिच्या हाती ती असेल तिला गाव वाकून नमस्कार करणार. धुरपता थोरली. हक्क तिचाच. पण टाच! बाभळीचा काटा मोडून तिथं कुरूप झालं होतं. पाय टेकला की कळ थेट मस्तकात जायची.

"टाच दुखत असंल तर आत्ताच बोल," भामाबाईनं बजावलं. "ठेचाळलीस अन् परडी पडली तर आई कोपंल. मग चांगुणा नेईल."

"कुठं दुखतंय? कवाच बरी झाली," धुरपता फाडकन बोलली.

निघाले. सासू बैलगाडीत, नवरा केरबा आणि दीर नरसिंग गाडीच्या पुढं, दोघी जावा मागं अनवाणी. परडी धुरपताच्या हातात, पदर दातात. सडक तव्यासारखी तापलेली आणि ही चांगुणा मात्र गाणी म्हणत चाललेली! हिला एखादा काटा का रुतत न्हाई, हाच विचार धुरपता गावोगाव करत राहिली. देवीचं नाव राहिलं बाजूला. एका मुक्कामाला चांगुणा हळूच जवळ आली. "आक्का, हळद-तेल लावून देऊ का टाचेला?"

"तुझं तू बघ!" धुरपता खेकसली. तेल लावायचं, ते सासूला दिसायचं आणि परडी गेली हातची. एवढी भोळी नव्हती ती.

गडाच्या पायथ्याशी मात्र टाच फुटलीच. दगडावर रक्त उमटलं आणि नेमकं भामाबाईनं पाहिलं. "माझ्याशी खोटं बोललीस व्हय? दे ती परडी चांगुणाकडं."

धुरपताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चांगुणानं हात पुढं केले. आणि मागं घेतले.

"शिवू नका मला, आत्याबाई. मी बाजूला बसले. आत्ताच."

पाळी आली म्हटल्यावर संपलंच. परडीला हात न्हाई, देवळात पाऊल न्हाई. भामाबाईनं कपाळावर हात मारला. चांगुणा लिंबाखाली जाऊन बसली. धुरपताला तर आभाळ ठेंगणं झालं. आईनंच निवाडा केला! परडी छातीशी धरून ती लंगडत पायऱ्या चढू लागली.

अर्ध्यात आली आणि थबकली. अगं बाई! निघायच्या आदल्या आठवड्यातच तर चांगुणा अंगणाच्या कोपऱ्यात बसली होती. टँकरचं पाणी कडाकडा बोटं मोडत धुरपतानंच तिला न्हायला दिलं होतं. परत इतक्या लवकर कसं? भवानी खोटं बोलली! एवढी पायपीट करून दर्शनावर पाणी सोडलं तिनं, आणि तेही कुणासाठी?

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. धुरपता आणखी पेटली. म्हणजे माझ्याच हक्काची वस्तू हिनं मला दान केली? देवीपुढं सगळे पाऊस मागत होते. ही हमसाहमशी रडत म्हणाली, "आई, तिचं मन येवढं मोठं केलंस, मग मलाच का कमी दिलंस?"

खाली उतरली ती थेट लिंबाखाली. परडी एका हातात तशीच, दुसऱ्यानं चांगुणाचा दंड धरला.

"अगं, शिवलीस की!" मागून उतरलेली भामाबाई ओरडली.

"कुठली पाळी अन् काय, आत्याबाई! माझ्यासाठी खोटं बोलली ही. ऊठ गं, वर चल."

"आक्का, टाच तुमची..."

"टाच माझी हाय, माझं मी बघते. दर्शन घे गुमान. पण परडी देणार न्हाई, सांगून ठेवते."

"मागितली कुणी? माझ्या खांद्यावर हात तरी टाका."

धुरपतानं हात टाकला. आणि टाकला तो मुद्दाम, सगळा भार देऊन.