कानाला चीर असलेलं पिल्लू

लहानपणी चौथीतूनच शाळा सोडलेला मी, भाषावार वाटणीत आपला जिल्हा आंध्रात गेला त्या साली गाव सोडून मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागलेला. दोन वर्षांच्या लेकीला सोबत म्हणून जनावर आणायचं होतं. कुत्रं चावेल, मांजर बोचकारेल, म्हणून बाजारातून शेळीचं पिल्लू आणलं. त्याच्या कानाला चीर होती. मालकाची खूण असेल, असं मला वाटलं.

शेजारच्या म्हातारीनं कान पाहिला. "हे देवीले बोललेलं हाये, बापा. जत्रेत कापतेत त्याले. काऊन आणलं? नाही दिलं तं देवी घरातलंच मागते."

तिनं सांगितलं, हे उपकारच. विकणाऱ्याला शोधायला धावलो. तो बाजारात नव्हता. परतलो तर लेक पिल्लाच्या गळ्यात हात टाकून झोपली होती. जत्रेला आठ दिवस होते.