एकशे बारा रिपोर्टांतले सहा तास

लोणी काळभोरच्या ऊस लावणाऱ्या गेनबा काळभोरांची थोरली लेक पूर्णिमा राग विसरत नसे. पाचवीत एका मुलीने तिची चित्रकलेची वही आपली म्हणून बाईंना दाखवली होती, तर दहावी सुटेपर्यंत ही तिच्याशी एक शब्द बोलली नाही. आता हा गुण म्हणायचा की अवगुण, हे त्या मुलीलाच विचारायला हवं.

२००६ साली ती हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. भोसरीतल्या एका गिअरच्या कारखान्याचे रिपोर्ट बनवायचं काम होतं. बेरजा आणि याद्या रिपोर्टाचं सॉफ्टवेअर आपलं आपण करतं, पण कारखान्याची एखादी रीत जगावेगळी असली की रिपोर्टाच्या आतच एका खिडकीत स्वतःचा कोड लिहावा लागतो. या कारखान्याचा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. रात्री दोनला बाद झालेला गिअर आदल्या दिवसात धरायला हवा, आणि सॉफ्टवेअर बारा वाजले की तारीख बदलून मोकळं. त्यामुळे रात्रपाळीचं पाप दिवसपाळीच्या माथी जायचं आणि रोज सकाळी तिथे हमरीतुमरी चालायची. दोन वर्षं कुणाला न सुटलेलं हे भांडण पूर्णिमाने बारा ओळींत मिटवलं. वेळ आधी सहा तास मागे न्यायची आणि मग तारीख काढायची, एवढंच. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे कोडच्या डोक्यावर तिने आपलं नाव घातलं.

त्या संध्याकाळी तिने छापील रिपोर्ट घरी नेला. गेनबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात तुजं काय हाय?"

"तारीख माजी हाय, आबा."

गेनबांना काही कळलं नाही, पण त्यांनी कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला.

तो कोड एकाच ठिकाणी ठेवावा आणि सगळ्या रिपोर्टांनी तिथून घ्यावा, असं तिने तिच्या टीमच्या प्रमुखांना, यज्ञेश्वर सरांना, सुचवलं. यज्ञेश्वर सर कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे. प्रत्येक रिपोर्टात तोच पुन्हा चिकटवा म्हणाले. एकशे बारा रिपोर्टांत तिने तो चिकटवला. पुढे वार्षिक समारंभात त्या बारा ओळींसाठी ट्रॉफी जाहीर झाली ती सरांना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला टेबलाशी बोलावलं आणि सगळ्या रिपोर्टांवरचं तिचं नाव काढून आपलं घालायला सांगितलं.

"कारखान्याला एकच नाव दिसलेलं बरं," ते म्हणाले. "आणि तुमचं काळभोर आडनाव वाचलं की लोकांना कोड नाही, ऊस आठवतो."

आजूबाजूचे चार जण हसले. पूर्णिमा हो म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. माणसाच्या हातानेच त्याचं नाव पुसून घ्यायचं, यासारखा हलकटपणा नाही.

नावं बदलायला तिला तीन दिवस दिले होते, आणि तिने ते पुरेपूर वापरले. प्रत्येक रिपोर्टात नाव बदलताना तिने खालचा कोडही नव्याने लिहिला. एकात सहा तासांची तीनशे साठ मिनिटं केली, दुसऱ्यात एकवीस हजार सहाशे सेकंद, तिसऱ्यात पाव दिवस. कुठे सहाचा आकडाच ठेवला नाही, अठरातून बारा वजा केले. त्या कोडला हाक मारायचं नावही दर रिपोर्टात निराळं. तारीख मात्र प्रत्येक ठिकाणी अगदी बरोबर यायची; कारखान्यातल्या गरिबांशी तिचं वैर नव्हतं. मूळच्या बारा ओळी तिने कुठेच शिल्लक ठेवल्या नाहीत. सरांनी पहिल्या पानावरचे आकडे पाहिले, कोडची खिडकी न उघडता तपासल्याची सही केली. मग ती वाट बघत बसली. पीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती रोज एकच दृश्य रंगवायची, सर सगळ्यांसमोर म्हणताहेत की हे पूर्णिमाचं आहे. त्यात तिला फार सुख वाटायचं.

वर्षभराने कारखान्याचा दिवस सहाऐवजी सातला सुरू करायचं ठरलं. सरांनी अर्ध्या दिवसात बदलून देतो म्हणून कळवलं, आणि कोडवर नाव त्यांचं म्हणून सगळीकडे सहाचे सात करायला बसलेही तेच. आठ दिवस झाले तरी चाळीस रिपोर्टही झाले नाहीत, आणि झाले त्यांतले निम्मे चुकले. कारखान्यातली भांडणं पुन्हा सुरू झाली. तेव्हा तिथले क्वालिटीचे साहेब सुदर्शन देवकर स्वतः हडपसरला आले आणि त्यांनी कोड पडद्यावर लावायला सांगितला. दोन रिपोर्ट शेजारी शेजारी उघडले गेले.

"हे एकाच माणसाने लिहिलंय?" देवकरांनी विचारलं.

सर घामाघूम झाले होते. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पूर्णिमाकडे.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "कल्पना, कोड, सगळं पूर्णिमाचं आहे. मी फक्त नाव लावलं."

वर्षभर बसमध्ये रंगवलेलं वाक्य ते हेच. तिने नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की या कोडची घाण अर्धी तिच्या अंगावर, आणि सर अर्धे सुटले. अर्धे सुटलेले सर तिला नको होते.

"नाही सर," ती म्हणाली. "एकशे बाराही रिपोर्टांवर नाव आपलं आहे, तपासल्याची सही आपली आहे. मी फक्त चिकटवले."

सरांना कारखान्याचं काम त्याच दुपारी सोडावं लागलं. ते खोलीबाहेर जाताना तिने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. वर्षभराची भूक भागली असं तिला वाटलं.

देवकर मात्र बसून राहिले. पुढचं काम ती करणार होती, म्हणून ते तिच्याशी सावकाश बोलत होते. हा पसारा कसाही असो, म्हणाले, पण रात्रपाळीची तारीख मागे न्यायची युक्ती ज्याला सुचली त्याचे त्यांच्या माणसांवर उपकार होते. दोन माणसं त्या भांडणापायी नोकरी सोडून गेली होती. ती युक्ती आल्यावर परत आली. त्या माणसाला एकदा भेटायची त्यांची फार इच्छा होती.

"खरं सांगा, कुणाला सुचलं ते?"

स्वतःचं नाव पूर्णिमाच्या ओठांवर आलं. पण आपण फक्त चिकटवले, असं दहा मिनिटांपूर्वीच ती चारचौघांत बोलून बसली होती.

"यज्ञेश्वर सरांना," ती म्हणाली.

देवकरांनी मान डोलावली आणि ते नाव आपल्या वहीत लिहून घेतलं.