हळदीकुंकू सुधारायचं की बंद करायचं

जबलपुरातल्या आम्हा मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं, म्हणून मी भांड भांड भांडले. शेजारच्या काकूंचा नवरा गेल्यावर त्यांना पहिलं कुंकू मीच लावलं. केवढी क्रांती वाटली होती तेव्हा!

यंदा कॉलेजातली लेक म्हणाली, "नवऱ्यावरून बाईची किंमत ठरवणाऱ्या रिवाजाला ठिगळं काहून लावून राहिली, आई? बंदच कर ना सीधा."

मी भडकले. तिचं खरं मानावं, तर मी इतकी वर्षं भांडले कशासाठी?

तेवढ्यात काकू दारात. हातात नवी कोरी साडी. "संक्रांतीला हीच नेसू ना गं?"

मी लेकीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. 'यंदा हळदीकुंकूच नाही' म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना.