खोकला तेवढा माझा

लातूरला क्लासच्या पोरींची एक रीत आहे. परीक्षा झाली की गावी जाताना त्या आपलं सामान मेसच्या बायकांना देऊन जातात. गादी, बादली, टेबलफॅन, एखादीचा आरसा. मला आधी तीन बादल्या मिळाल्या होत्या. गेल्या वर्षी गिटार मिळाली.

देणारी पोरगी मुखेडकडची. दोन वर्षं आमच्या हॉस्टेलात राहिली. ताप आला की तिच्यापुरती मुगाची खिचडी वेगळी टाकायचे, यापलीकडं मी तिच्यासाठी काही केलेलं नाही. गिटार माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "मी वाजवायला बसले की तुम्ही पोळ्या सोडून दारात येऊन उभ्या राहायच्या. बघितलंय मी. पण एक अट हाय ताई. शिकलात की रेकॉर्ड करून पाठवायचं."

"मला काय येतंय गं. आठवीत शाळा सोडलेली बाई मी."

"गिटारीला मार्कशीट लागत न्हाई."

ती गेली, डॉक्टरकीला लागली. मी दुपारी दोन ते चार, पोरी क्लासला गेल्या की, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसू लागले. मोबाइलवर एक सर शिकवायचे. ते म्हणायचे, सुरुवातीला बोटं दुखतील. माझी दुखली नाहीत. तव्यानं ती आधीच निबर झालेली. अडचण दुसरीच होती. एका कॉर्डवरून, म्हणजे बोटांच्या एका मांडणीवरून, दुसऱ्यावर जाईपर्यंत तव्यावरची पोळी करपली असती. त्यात गिटार कधीतरी पलंगावरून पडलेली, त्यामुळं जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबली की घर्र करायची. शाळेतल्या प्रार्थनेची चाल मी बसवत होते, कारण तेवढीच एक मला अथपासून इतिपर्यंत पाठ होती.

वाजवताना बरं वाटायचं. रेकॉर्ड करून ऐकलं की घाम फुटायचा. शाळेत बाई वर्गात उभं करून वाचायला लावायच्या आणि मी एकेका अक्षरावर अडायचे, मागच्या बाकावर हसू फुटायचं, ते सगळं त्या फोनातून ऐकू यायचं. ऐकायचं आणि पुसून टाकायचं. असं किती वेळा केलं ते सांगत नाही.

तिचा मेसेज यायचा, "पाठवा ना ताई." मी लिहायचे, "करून राहिले." मग एकदा तिनं लिहिलं, "खरं सांगा, कोपऱ्यात धूळ खात पडली ना? माझा मावसभाऊ मागून राहिलाय." पुढं हसणारं तोंड होतं. चेष्टाच होती, आज कळतं. तेव्हा मला ते खरंच वाटलं. पोरीनं एवढ्या विश्वासानं दिली आणि तिला वाटतंय, हिनं वाया घालवली.

मग मी जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. आमच्या मेसमधल्या थोरल्या मावशींचा फोन मागून घेतला. गच्चीवर गेले. त्यांच्या फोनात कुणाची तरी गिटार लावली, चांगल्या तयार हाताची, आणि माझ्या फोनात ती रेकॉर्ड केली. वारा होता, पारवे घुमत होते, तेही त्यात आलं. ते बरंच झालं असं वाटलं. आणि खरं वाटावं म्हणून मी मध्येच एकदा मुद्दाम खोकले.

मावशी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर आल्या. "काय करून राहिलीस गं?"

"गाणं ऐकून राहिले."

"माझ्या फोनातलं तुझ्या फोनाला ऐकवून राहिलीस व्हय? लई लाड."

त्या हसत खाली गेल्या. मी पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. "ताई!! एवढं भारी! मी सगळ्या रूमला ऐकवून राहिले. आईला पण पाठवलं." मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. गिटार तांदळाच्या पोत्यांमागं गेली आणि दीड महिना तिथंच राहिली. पोळ्या लाटताना तो खोकला आठवायचा. बाकी सगळं एक वेळ भ्यायले म्हणून केलं म्हणता येईल. खोकल्याला काय म्हणायचं? दर रविवारी भोकरपलीकडं आमच्या गावी फोन लावायचे तेव्हा आई विचारायची, "आवाज का उतरलाय?" मी म्हणायचे, धूर. आईला गिटारीचंच ठाऊक नव्हतं, मग पुढचं काय सांगणार.

दिवाळीच्या आधी पोरीचा आवाज आला फोनवर: "ताई, रविवारी आईला घेऊन लातूरला येतेय. समोर बसून ऐकणार हां तुमचं."

चार दिवस होते. मी पोती सरकवून गिटार काढली. चार दिवसांत ते पाठवलेलं तसलं वाजवायला यायची काही सोय नव्हती. गुरुवारी दुपारी गच्चीवर प्रार्थनेची चाल एकदाच वाजवली, जशी येते तशी. दोन जागी थांबले, घर्र झालं, खालून कुकरची शिट्टी आली. ऐकून न बघता पाठवली. तिच्यापाठोपाठ माझा आवाज पाठवला: "आधीचं माझं न्हवतं. मावशीच्या फोनात लावलं होतं. खोकला तेवढा माझा हाय."

निळ्या खुणा दिसल्या. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शब्द आले. "येतेय रविवारी."

रविवारी मायलेकी आल्या. पोरगी माझ्याकडं नीट बघत नव्हती. मी चहा केला, गिटार घेतली आणि मेसच्या बाकावर बसून ती चाल वाजवली. हात इतके ओले होते की बोटं तारेवरून सटकायची. संपलं. तिच्या आईनं कप खाली ठेवला आणि मोकळ्या मनानं म्हणाल्या, "छान हाय. पण ते आधीचं वाजवा की, फोनातलं. लई गोड होतं ते."

म्हणजे पोरीनं आईला सांगितलंच नव्हतं. मला सांभाळून घेतलं होतं. ती पटकन म्हणाली, "आई, ते लई अवघड असतंय. एवढ्यात न्हाई वाजवता येत." आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

होकाराची मान हलवली असती की सुटले असते. चहाची दुसरी खेप झाली असती, त्या निघून गेल्या असत्या. दारात थोरल्या मावशी कणकेच्या हातानं उभ्या होत्या.

"काकू, ते मी न्हवतं वाजवलं," मी म्हणाले. "दुसऱ्याचं होतं. माझं म्हणून पाठवलं मी."

माझे कान तापले. काकूंनी एकदा लेकीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"मग आत्ताचं कुणाचं?"

"हे माझं."

"हेच का, मध्ये घर्र करतंय ते?"

"हाव."

"ते घर्र माझ्यामुळं हाय, आई," पोरगी हळूच म्हणाली. "पाडली होती मी. तुला सांगितलं न्हवतं."

काकूंनी तिच्या पाठीत एक धपका घातला. मग खुर्ची माझ्या बाकाजवळ ओढली आणि म्हणाल्या, "वाजवा मग. आता नीट ऐकते."

मी ओढणीला हात पुसले आणि पहिल्यापासून सुरू केलं.