चौसष्ट शून्यं
कोऱ्या पांढऱ्या कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो ना, तो आला की मला उमरीतली ती दुपार आठवते. शेजारच्या टेलरची पोरगी नर्सिंग पास झाली होती, सोमवारी नांदेडच्या दवाखान्यात रुजू व्हायची होती, आणि बापानं पांढरा ड्रेस बी शिवून, इस्त्री करून ठेवला होता. कॉलेजनं सर्टिफिकेटं ब्लॉकचेनवर, म्हणजे खाडाखोड न करता येणाऱ्या ऑनलाइन वहीत ठेवलेली. तिथून निघाली आकड्या-अक्षरांची लांबच लांब ओळ, कुणालाच वाचता येईना. मी आपली व्हिडिओ बघून बघून असल्या ओळी वाचायला शिकलेली, म्हणून बापलेक माझ्याकडं आले. ओळीचे चौसष्ट-चौसष्ट अक्षरांचे तुकडे पाडले, कुठल्या तुकड्यात काय ते सांगणारी कॉलेजची यादी शेजारी ठेवली आणि एकेक उलगडत गेले. पहिल्यातून पोरीचं नाव निघालं, दुसऱ्यातून पास झाल्याची तारीख. दोघं खुश झाले. शेवटचा तुकडा मान्यतेचा. त्याच्या टोकाला एक असला तर सर्टिफिकेट चालू, नुसती शून्यं असली तर कॉलेजनं ते रद्द केलेलं. तिथं शून्याशिवाय काही नव्हतं. "आपा, इतकी शून्यं! माझी पोरगी लई मोठी झाली म्हणा की," टेलर हसत म्हणाला. "अब्बा, गप बसा हो. खाला, बरोबर हाय ना सगळं?" पोरीनं विचारलं. "हाव, बरोबर हाय," मी म्हणाले. सोमवारी तिला गेटवरूनच माघारी धाडलं, बरोबरच्या पोरींसमोर. आली ती माझ्याच गळ्यात पडली. "खाला, तुम्ही तर बघितलं होतं. त्यांचंच कायतरी चुकलंय." अजूनही ती तेच म्हणते, आणि मी अजूनही गप्पच बसते.