सात नंबरची जागा

आमच्या लॅबमधल्या रिकाम्या खुर्चीवर कोणी बसायला गेलं, की त्याच्या आधी तिथं एक चौकड्यांचा रुमाल येऊन पडायचा. मागून आवाज यायचा, "तठे बठू नका. जागा धरेल शे."

हे आमचे चाचा, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. अख्खं तळोदा त्यांना चाचाच म्हणायचं, मीही तेवढंच म्हणेन. कॉलेजात लागण्याआधी ते कित्येक वर्षं जीप स्टँडवर होते. डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये रुमाल टाकून बायाबापड्यांसाठी जागा धरायची, हे त्यांचं काम. बाजार करून यायला एखादीला उशीर झाला, तर ड्रायव्हरशी भांडून गाडी थांबवायचे. "डोंगरना मानूस येळवर येत नही सर, पन येस जरूर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असा दुसऱ्याच्या जागेसाठी भांडणारा एखादा तुमच्याही गावात असेल. स्वतःसाठी भांडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आता रिकाम्या खुर्चीवर जागा कोणासाठी, ते सांगतो. टाळेबंदीत पोरं आपापल्या पाड्यांवर गेली आणि प्रॅक्टिकल बंद पडलं. तेव्हा लॅबमधली मशीनं घरबसल्या चालवता येतील अशी सोय आम्ही केली. पोर डोंगरावर मोबाइल घेऊन बसायची आणि इथं तळोद्यात पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागायचा. टाळेबंदी उठल्यावरही ज्यांना खाली येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी ती सोय चालू ठेवली. मी त्यावर बैठकांमधून छाती फुगवून बोलायचो. चाचांनाही एकदा फळ्यावर आकृती काढून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पोर दिसत नही, पन बठेल शे." मी फळा पुसून टाकला.

एकदा तपासणीला आलेले साहेब सात नंबरच्या खुर्चीवर टेकणार, तोच रुमाल पडला.

"साहेब, तठे पोर बठेल शे."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुठाय?"

"काठी गावना पुढे, टेकडीवर. आते रेंज गयी. येई ऱ्हायनी."

साहेबांनी तपासणी उभ्यानेच उरकली. ते गेल्यावर मी चाचांना चांगलंच झापलं. ते मान हलवत म्हणाले, "ते बी खरं शे." ड्रायव्हरशी हमरीतुमरीवर येणारा हा माणूस माझ्याशी मात्र कधी वाद घालायचा नाही. सर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. मला तेव्हा ते बरं वाटायचं.

सात नंबरवरची ती पोर प्रवेश घ्यायला एकदाच खाली आली होती. आठवड्याच्या आत तिची आई अंथरुणाला खिळली. बाप ऊसतोडीला गुजरातेत. आईचं सगळं करायचं आणि मधल्या वेळात टेकडी चढून, तळहाताएवढ्या पडद्यावर शिकायचं. अशी तिनं तीन वर्षं काढली. चाचांनी तिला कधी पाहिलं नाही आणि तिनं चाचांना.

आमच्या सोयीत एक खोट होती. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की मशीन चालू काम बंद करून जागा दुसऱ्याला देऊन टाकायचं. सेव्ह न केलेलं सगळं जायचं. एकदा आईनं हाक मारली म्हणून ती टेकडी उतरून गेली, परत येईपर्यंत सकाळभराचं काम पुसलं गेलं होतं. चाचांनी ते समोर पाहिलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीशेजारी एक स्टूल आलं. बाण थांबला, की चाचा स्टुलावर बसून माऊस जरासा हलवायचे. थोडं थांबायचे, परत हलवायचे. मशीनला वाटायचं, पोर बसलेलीच आहे.

"चाचा, हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"ते बी खरं शे," म्हणाले आणि माऊस हलवला.

ती परत आली, की पडद्याच्या कोपऱ्यात लिहायची, "चाचा, आले." चाचा एकेक अक्षर शोधून उत्तर द्यायचे, "बस बेटा." त्याला त्यांना दोन-तीन मिनिटं लागायची. तोवर पोर थांबून राहायची. तीन वर्षांत त्यांचं एकमेकांशी एवढंच बोलणं झालं. होळीला काठीकडची सगळी पोरं गायब असायची. "आज कोनी येत नही सर, होळी शे," असं म्हणूनही चाचा सातवर रुमाल टाकून ठेवायचे.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा दिवस. ही परीक्षा बुडाली की तिचं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी घरचे तिला शिकू देतील याची खात्री नव्हती. तिनंच मला तसं कळवलं होतं. तिला टेकडीवरून परीक्षा देता यावी म्हणून मी परवानगी काढली होती. त्या सकाळी चाचा आले ते घामाघूम. डावा खांदा चोळत होते.

"सर, जरासा दवाखानामा जाई येऊ का? गॅस व्हयेल शे बहुतेक."

शेजारच्या खोलीत बाहेरून आलेले परीक्षक बसले होते, त्यांच्याजवळून मला हलता येत नव्हतं. आणि सातजवळ बसायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, तिची परीक्षा होऊन जाऊ द्या. तासाभराचा तर प्रश्न आहे. मग मीच तुम्हाला गाडीवर नेतो."

चाचांनी रुमालानं तोंड पुसलं आणि तो खुर्चीवर पसरला. म्हणाले, "ते बी खरं शे."

त्या तासात तिची रेंज दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली ती बराच वेळ आली नाही. मी दारातून एकदा डोकावलो, तर चाचा भिंतीला टेकून बसले होते आणि हात माऊसवर होता. डोळ्यांनीच म्हणाले, सगळं ठीक आहे. मी परत गेलो. हे दृश्य मी पुन्हा पुन्हा आठवतो, आणि दर वेळी परत जातो.

परीक्षा संपल्यावर मी आलो, तेव्हा चाचा स्टुलावरून कलले होते. तळोद्याच्या डॉक्टरांनी लगेच नंदुरबारला न्यायला सांगितलं. तापीच्या पुलाच्या अलीकडेच ते गेले. डोकं माझ्या मांडीवर होतं. मी आयुष्यात कोणाला मारलेलं नाही, असं मला आता म्हणता येत नाही.

संध्याकाळी लॅब बंद करायला परत आलो. सातच्या पडद्यावर तिनं लिहिलं होतं, "चाचा, झालं. सगळं जमलं." खाली चाचांचं उत्तर. एकच अक्षर, 'ब'.

मी रुमाल उचलू दिला नाही. झाडणारी बाई खुर्चीच्या भोवतीनं झाडायची.

निकाल लागल्यावर ती आली. मावशीला आईजवळ बसवून सकाळच्या जीपनं खाली उतरली होती. ती पास झाली होती. चाचांसाठी म्हणून घरच्या आमचुराचं फडकं बांधून आणलं होतं. चाचा गेल्याचं तिला कॉलेजच्या फाटकातच कळलं. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा फडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं.

"सर, ते कधी गेले?"

"परीक्षेनंतर."

"माझं झाल्यावर?"

"झाल्यावर," मी म्हणालो. जे खरं आहे ते माझ्याकडेच राहू दे, तिच्या पदरात नको.

तिला सात नंबर बघायचा होता. मी तिला लॅबमध्ये नेलं. ती खुर्चीपाशी गेली आणि रुमाल पाहून मागे सरली.

"सर, कोणीतरी जागा धरलीय."

डोंगरातल्या पोरीला रुमालाचा अर्थ सांगावा लागत नाही.

"तुझीच आहे. पहिल्या वर्षापासून."

तिनं रुमाल उचलला, झटकला नाही, घडी घालून मांडीवर घेतला आणि बसली. त्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती. आमचुराचं फडकं तिनं शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि माऊस जरासा हलवून पाहिला.